चुना, मका आणि चार शनिवार

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांबरोबर परदेशी पदार्थ करायचे म्हटलं की बहुतेक घरी एकच होतं. सोमवारी पास्ता, बुधवारी नूडल्स, शुक्रवारी पोळीत सिमला मिरची गुंडाळून 'टाको'. महिनाअखेर सात देश होतात आणि सगळ्यांना चव टोमॅटो केचपची. यंदा उलटं करून पाहिलं: एकच पदार्थ, चार शनिवार, अगदी दाण्यापासून. मेक्सिकोतली मक्याची तोर्तिया, म्हणजे तव्यावर भाजलेली पातळ पोळी. (स्पॅनिशमधल्या दोन 'ल'चा उच्चार 'य' होतो, त्यामुळे 'टॉर्टिला' नाही. मुलांच्या तोंडी हे एका दिवसात बसतं, मोठ्यांना वेळ लागतो.)

हात घालण्याआधी धाकधूक होती ती चुन्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, मग वाटायचा, ही या पदार्थाची मूळ कृती. मुलं सात आणि अकरा वर्षांची. पण ज्या घरांत पानाचा डबा असायचा, वाटायला पाटा आणि भाजायला लोखंडी तवा असायचा, त्या घरांना यातलं काहीच नवं नाही.

26 एप्रिल: आधी मुद्दाम चुकीच्या पिठाने

दुकानात मक्याची तीन पिठं असतात आणि तिन्हींची गल्लत होते. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचा नुसता पांढरा स्टार्च, सूप दाट करायला वापरतात तो. मक्याचं पीठ म्हणजे कोरडा कच्चा मका दळलेला. तिसरं 'मासा आरिना', म्हणजे चुन्यात शिजवून, वाटून, वाळवलेल्या मक्याचं पीठ. ते आयात होऊन येतं. आम्हाला मिळालेल्या पाकिटाची किंमत किलोला सहाशेच्या पुढे होती, म्हणून ते तिथेच ठेवलं. (मळलेल्या मक्याला मेक्सिकोत 'मासा' म्हणतात हे कळल्यावर काय हशा पिकला असेल ते सांगायला नको.)

पहिल्या शनिवारी साधं मक्याचं पीठ गार पाण्यात भिजवलं आणि गोळा थापायला मुलांना दिला. कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात. उकळत्या पाण्याने उकड काढली तर भाकरी होते आणि ती खायला चांगलीही लागते, पण दुमडली की मधोमध तडकते. टाको म्हणजे आत सारण घातलेली तोर्तिया, तो दुमडूनच खायचा असतो, त्यामुळे इथे ही भाकरी कामाची नाही. अर्ध्या तासाचा हा अपयशाचा प्रयोग वगळू नका. पुढे चुना कशासाठी घालतोय हे नंतर समजावत बसावं लागत नाही.

कारण असं. गव्हात पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन असतं, मक्यात नसतं. चुन्याचं अल्कली दाण्याच्या सालीतला चिवट भाग सैल करतं, साल सुटते, आतला स्टार्च थोडा फुगतो आणि कॅल्शियममुळे गोळ्याला पकड येते. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी बांधलेल्या रूपात असतं, अंगी लागत नाही. चुन्यामुळे ते मोकळं होतं. कोलंबसानंतर मका युरोपात गेला तेव्हा दाणे गेले, चुन्याची रीत मागे राहिली. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला तो यामुळेच. अकरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट बरोबर कळते. सात वर्षांच्या मुलीला साल सुटते एवढं पुरतं.

त्याच दिवशी संध्याकाळी खरेदी. मका भुसार मालाच्या दुकानातून, खाण्यासाठी असलेला, 2 किलो 90 रुपयांना. बियाणांच्या दुकानातून मका कधीही आणू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी किंवा लालसर रंग असतो, आणि ते धुऊन जात नाही. पशुखाद्याचा मकाही नको. लाह्यांचा मका फार कडक, स्वीटकॉर्नमध्ये स्टार्च कमी, दोन्ही चालत नाहीत. पांढरा मका मिळाला तर उत्तम. आम्हाला पिवळाच मिळाला.

चुना पानाच्या टपरीवरचा, खायचा, साधा पांढरा, 10 रुपयांना डबी. सुगंधी किंवा रंगीत नको. भिंतीला लावायचा चुना नको. कळीचा चुना तर घरात आणूच नका, पाणी लागताच तो प्रचंड तापतो. चुनखडीची भुकटी निरुपद्रवी असते पण तिचा काहीच उपयोग होत नाही. का, ते पुढच्याच आठवड्यात कळलं.

2 आणि 3 मे: हळदीने पकडलेली चूक

शुक्रवारी संध्याकाळी मुलांनी अर्धा किलो मका ताटात घेऊन निवडला. हे काम त्यांचंच असू द्या, पण काय काढायचं ते आधी दाखवा: काळे पडलेले, हिरवट-राखाडी बुरशी धरलेले, किडके, सुरकुतलेले दाणे. मक्यावरच्या बुरशीचं विष शिजवून पूर्णपणे जात नाही, म्हणून शंका आली की दाणा बाहेर. आमच्या अर्ध्या किलोतून मूठभर निघाला.

प्रमाण असं: मका 500 ग्रॅम, पाणी दीड लिटर, कोरड्या चुन्याची पूड असेल तर 5 ग्रॅम. पानाचा चुना ओला असतो, त्यात पाण्याचं वजन धरून 10 ते 12 ग्रॅम. काट्यावरच मोजा, 'चिमूटभर' इथे चालत नाही. जास्त झाला तर तोर्तिया कडवट आणि साबणासारखी लागते. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते, त्यामुळे तो टोप आणि तो कुकर बाद.

चुना मोठ्यांनीच हाताळायचा. हातमोजे घालून वाटीभर पाण्यात कालवायचा आणि मगच भांड्यात ओतायचा. मुलं त्या वेळी ओट्यापासून दूर. डोळ्यात उडाला तर लगेच नळाखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचे. हे सांगितल्यावर भीती वाटते खरी, पण उकळत्या तेलापेक्षा हे काम सोपं आहे.

चुना पडला की पिवळा मका मिनिटा-दोन मिनिटांत झेंडूसारखा गडद पिवळा व्हायला हवा. आमचा झाला नाही. पाणी नुसतं दुधट. पाच मिनिटं गेली, दहा गेली, दाणे होते तसेच फिके. तेव्हा चमच्यात ते पाणी काढून त्यात हळदीची चिमूट टाकली. हळद पिवळीच राहिली. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतात, कुंकू पूर्वी त्यावरच व्हायचं. लाल झाली नाही म्हणजे चुन्यात दम नव्हता. डबी दोन दिवस झाकण न लावता ओट्यावर राहिली होती आणि चुना वाळून खडूसारखा झाला होता. उघडा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि त्याची परत चुनखडी होते.

रात्री नऊला खाली जाऊन नवी डबी आणली, आणखी 10 रुपये. पाणी बदललं, चुना कालवून ओतला आणि पुन्हा चमच्यात हळद. टाकताक्षणी कडेकडेने तांबडी रेघ सुटली आणि चमचा लालभडक झाला. मुलांनी त्यानंतर घरातलं मिळेल ते पाणी हळद टाकून तपासलं. साबणाचं लाल, लिंबाचं पिवळं. अर्धी हळदीची डबी त्यात गेली.

मका मंद आचेवर ठेवला, खदखदू द्यायचा नाही. वाचलेल्या कृतीत अर्धा तास होता म्हणून अर्ध्या तासाने गॅस बंद केला, झाकण ठेवलं आणि रात्रभर तसाच राहू दिला. मे महिन्याच्या उकाड्यातही आंबत नाही, चुन्याचं पाणी त्याला राखतं.

सकाळी साल अर्धवटच सुटली. आपल्याकडचा पिवळा मका कडक जातीचा असतो, त्याला अर्धा तास पुरत नाही. दाणा नखाने मधोमध चिरून पाहायचा: मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा खडूसारखा पांढरा ठिपका राहिला तर ठीक, अर्धा दाणा कोरडा दिसला तर कच्चा. आमचा अर्धा कोरडा होता. तरी पुढे गेलो आणि दुसरी चूक केली.

ओला मका दळून मिळेल का म्हणून आधी गिरणीत विचारलं. मिळणार नाही, ती गिरणी कोरड्या धान्याची, ओल्याने दगड बसतात. तेव्हा मिक्सर. अर्धकच्चा दाणा फिरेना, म्हणून पाणी घालत गेलो, शेवटी धिरड्याचं पीठ झालं. शिवाय दोनदा मिक्सर तापून बंद पडला. बुडाखालचं लाल बटण दहा मिनिटांनी दाबलं की परत चालू होतो, पण वास आला की थांबाच. त्या सैल पिठात चार चमचे कोरडं मक्याचं पीठ घालून जाड, फाटक्या कडांच्या नऊ तोर्तिया निघाल्या. दुमडल्या तेव्हा तडकल्या नाहीत, एवढंच त्या दिवसाचं यश.

9 आणि 10 मे: साल, वाटण आणि दुधाची पिशवी

या वेळी पन्नास मिनिटं मंद आच, मग बारा तास विश्रांती. सकाळी झाकण काढलं तर पाणी दाट पिवळं, वरती सालीचे पारदर्शक तुकडे. वासाला ओल्या मातीची आणि भाजल्या कणसाची छटा असते. हा वास आला की बरोबर चाललंय असं समजा.

हे पाणी मोठ्यांनी ओतून टाकायचं, नळ सोडून पातळ करत. झाडांना घालू नका. एकदा भरपूर पाण्याने खळबळून घेतलं की पुढचं काम मुलांचं: मोठ्या परातीत दाणे घेऊन दोन्ही तळव्यांत चोळायचे, साल तरंगते, ती ओतायची. तीन पाणी पुरे. तिसऱ्या पाण्यात हळद टाकली तर लालभडक होता कामा नये, थोडी केशरी चालते. मुलांना थांबवावं लागतं, कारण ती दाणे पांढरे होईपर्यंत धूत बसतात. थोडी चिकट साल राहिलेली बरी, पिठाला पकड त्यातूनच येते आणि चवही.

वाटायला शेजारून टेबलावरचा दगडी वेट ग्राइंडर आणला. इडली-डोशाचा हा ग्राइंडर या कामाला फार चांगला, परदेशातही घरी मासा वाटणारे लोक भारतीय बनावटीचा हाच ग्राइंडर घेतात. दाणे मूठमूठ टाकायचे, पाणी चमच्याने, एकूण चार-पाच मोठे चमचे. मध्ये थांबून कडेचं पीठ ढकलायचं, दगड अडला तर जबरदस्ती करायची नाही. पंधरा मिनिटांत बारीक झालं. ग्राइंडर नसेल तर मिक्सरमध्ये एका वेळी वाटीभरच, थांबत थांबत फिरवा आणि शेवटचा हात पाट्यावर द्या. मेक्सिकोत पाट्याला मेताते म्हणतात, तीन पायांचा तिरका दगड आणि वर लांबट वरवंटा. गुडघ्यावर बसून वाटायचं. मुलांना दहा मिनिटं पाट्यावर बसवलं तर पूर्वी घरोघरी बायकांची सकाळ कशात जात असेल ते आपोआप कळतं.

अर्धा किलो मक्याचं साधारण 900 ग्रॅम पीठ झालं. ते पाव तास ओल्या फडक्याखाली. मग परीक्षा: लिंबाएवढा गोळा बोटाने दाबायचा. कडेला चिरा पडल्या तर कोरडं, चहाचा चमचाभर पाणी. बोटाला चिकटलं तर सैल, फडक्यावर पसरून दहा मिनिटं उघडं ठेवा. हवं ते पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ असतं. हा पदार्थ जमतो किंवा बिघडतो तो इथेच, आणि मुलांच्या बोटांना ही परीक्षा मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

दाबायला मेक्सिकोतलं खास यंत्र शोधत बसू नका. भांड्यांच्या दुकानातली पुरी प्रेस तीच वस्तू आहे, आम्हाला 420 रुपयांना मिळाली. नसेल तर पोळपाट पालथा घालून त्याचे पाय दाबायचे. मध्ये प्लास्टिक लागतंच. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन, तीन बाजूंनी कापून उघडली की हवा तसा कागद मिळतो. पातळ कॅरीबॅगला सुरकुत्या पडतात आणि त्या तोर्तियावर उठतात.

गोळा 30 ग्रॅमचा. वजनकाटा धाकटीकडे दिला, ती 29 आला तरी परत घ्यायची. प्रेसमध्ये बिजागरीकडची बाजू पातळ होते, म्हणून एकदा दाबून, पिशवीसकट अर्धा फेरा फिरवून पुन्हा हलकेच दाबायचं. साधारण 13 ते 14 सेंटिमीटर व्यास. वरचा कागद सोलायचा, तोर्तिया तळव्यावर उलटायची, मग दुसरा कागद सोलायचा. कागदावरून तोर्तिया ओढायची नाही, तोर्तियावरून कागद ओढायचा. फाटतात त्या इथेच.

तवा भाकरीचा, लोखंडी, चांगला तापलेला, तेल अजिबात नाही. भाकरीसारखं वरून पाणीही फिरवायचं नाही. टाकल्यावर वीस सेकंदांत कडा सुटतात, उलटायची. दुसरी बाजू पाऊण ते एक मिनिट, तपकिरी ठिपके येईपर्यंत. पुन्हा उलटायची आणि फडक्याने मधोमध हलकेच दाबायची. वाफ धरली असेल तर एका कडेला छोटा फुगा येतो, तो सरकत सरकत पलीकडे जातो आणि सबंध तोर्तिया टम्म होते, भाकरीला पापुद्रा सुटतो तशी. आमची सहावी फुगली. फुगली नाही तर बहुतेक वेळा तवा कमी तापलेला असतो किंवा पहिल्यांदा उलटायला उशीर झालेला असतो. पहिली बाजू वाळली की वाफ बाहेरच निघते.

उतरवली की लगेच खायची नाही. जाड फडक्यात गुंडाळून, डब्यात, एकावर एक, दहा मिनिटं. तव्यावरून ताजी काढलेली थोडी ताठ असते, फडक्यातल्या वाफेने मऊ होते. पहिल्या दिवशी हे गाळलं आणि जाडीला दोष देत बसलो.

तवा अकरा वर्षांच्या मुलाने लांब चिमट्याने सांभाळला, मोठं माणूस शेजारी. सात वर्षांच्या मुलीला तवा नाही. तिच्याकडे सेकंद मोजणं होतं. या वयात एका कामावर अर्धा-पाऊण तासापलीकडे लक्ष टिकत नाही, म्हणून निवडणं शुक्रवारी, धुणं सकाळी आठला, दाबणं अकराला असे तुकडे पाडले ते बरं झालं. तीस गोळ्यांतल्या सव्वीस तोर्तिया ताटात पोचल्या.

16 आणि 17 मे: पूर्ण जेवण

शेवटच्या शनिवारी सोबत फक्त दोन गोष्टी केल्या.

राजमा 250 ग्रॅम रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या लिटरभर पाण्यात अर्धा कांदा आणि दोन लसूण पाकळ्या घालून कुकरला सहा शिट्ट्या. मीठ शेवटी. राजमा नुसता कोमट आचेवर तासन्‌तास ठेवून शिजवू नका. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने उलट्या होतात, त्याला खळखळती उकळी लागते. कुकरमध्ये तो प्रश्न येत नाही. मग थोड्या तेलावर घोटून दाट करायचा. मुलं पावभाजीच्या मॅशरने तुटून पडतात.

साल्सा: चार टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, सालासकट तीन लसूण पाकळ्या, कांद्याची जाड चकती, सगळं कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचं. टोमॅटोला बारा-पंधरा मिनिटं लागतात, लसणाला सहा. लसूण सोलून आधी मिठाबरोबर खलबत्त्यात, मग मिरची, शेवटी टोमॅटो. वरून कोथिंबीर. जिरं घालायचा हात आवरा. मिरची देठाकडून मुलांनी धरली असेल तर हात साबणाने दोनदा धुवायला लावा, नाहीतर पाच मिनिटांनी डोळा चोळून रडारड ठरलेली. मुलांसाठी एक भाग मिरचीशिवाय आधीच काढून ठेवा.

मोझरेला 200 ग्रॅम 130 रुपयांना. अर्धी कच्ची-पक्की भाजलेली तोर्तिया, त्यावर चीज, दुमडून पुन्हा तव्यावर, ही केसादिया. मेक्सिको सिटीत चीज न घालताही तिला केसादियाच म्हणतात आणि त्यावरून बाकीचा मेक्सिको त्यांना चिडवतो. तिथे आत भोपळ्याची फुलंही घालतात, आपण ज्यांची भजी करतो तीच. मे महिन्यात आम्हाला मिळाली नाहीत, पावसाळ्यात बघू.

जेवताना नकाशा पुढे होता, पण फार बोलावं लागलं नाही. ताटातल्या मका, टोमॅटो, मिरची, राजमा या चारही गोष्टी मूळ तिकडच्या. मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरली. 'टोमॅटो' हा शब्दच नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतून आलेला. मोठ्या हॅट आणि खोट्या मिशा लावून 'मेक्सिकन दिवस' करायचा बेत शाळेच्या गटात कुणीतरी सुचवला होता, तो न केल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

चार आठवड्यांचा खर्च पुरी प्रेस धरून, गॅस सोडून, 870 रुपयांच्या आसपास.

वाटलेलं पीठ त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवशी आंबूस होतं. धुतलेले दाणे मात्र वाटण्याआधी फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. भाजलेल्या तोर्तिया उरल्या तर डब्यात बंद न करता रात्रभर उघड्या वाळू द्या. सकाळी आठ तुकडे करून थोड्या तेलात कुरकुरीत तळायचे, उरलेला साल्सा अर्धी वाटी पाणी घालून उकळायचा, तुकडे त्यात घालून मिनिटभर हलवायचे आणि गॅस बंद. वर कच्चा कांदा आणि थोडं दही. याला चिलाकिलेस म्हणतात. पहिला घास घेऊन थोरला म्हणाला, ही तर फोडणीची पोळी. धाकटीने तोवर उरलेले चार तुकडे स्वतःच्या बशीत ओढले होते.